दाराच्या डोळ्यातलं कुंकू

बायडाबाईंच्या डोंगराकडच्या घराला दार होतं, पण दिवसा ते लावायची चाल नव्हती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या उतरंडीवर वसलेल्या त्या वाडीत दिवसाउजेडी कुणाचं दार लागलेलं दिसलं, की वाटेनं जाणारा माणूस थबकायचा. काही वाईटवंगाळ तर झालं नाही ना, हे शेजारी विचारूनच पुढं जायचा. लेकी माहेरी यायच्या त्या जांभळीच्या वळणावरूनच हाक द्यायच्या, आणि त्या दाराशी पोचेस्तोवर भाकरतुकडा अन् तांब्याभर पाणी घेऊन कुणीतरी उंबऱ्यात उभं असायचं. तांदूळ पाखडता पाखडता बायडाबाई मनानंच ओव्या जुळवायच्या. त्यातली एक अशी होती:

माझ्या माहेराच्या दारा, न्हाई कुलूप, न्हाई कडी
लेक वळणाला आली, दार हसतं घडीघडी

पुढं मुलानं, सुनीलनं, कळंबला हायवेच्या कडेला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान टाकलं, मागच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि बायडाबाई सूप, पाटा आणि ओव्यांसकट तिथं राहायला आल्या. त्यांचे मालक गेणभाऊ भाताच्या कामापुरते डोंगरात जायचे. काम उरकलं की कळंबच्या गॅलरीत येऊन बसायचे आणि रस्त्यावरून कांद्याच्या किती गाड्या गेल्या ते कुणी न विचारता सांगायचे.

समोरच्या दारात सुमतीबाई होत्या. मंचरच्या बाजारात त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बाई रागावल्या की मराठीतच रागवायच्या. दोघींनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, की दुपारची दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची. इकडं शेंगा निवडल्या जायच्या, तिकडं पापड लाटले जायचे, आणि मधल्या चार पावलांच्या जागेतून गप्पा ये-जा करायच्या.

मग एक दिवस खालच्या मजल्यावर दोन पोरं आली. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणाली आणि एका बाईंची पाटली घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी सुनीलनं दाराला कॅमेरा बसवला.

दाराला पूर्वी असायचं तसलं भिंगच ते, पण शाळा शिकलेलं. बाहेरून रुपयाएवढा काळा डोळा, त्याखाली बेलचं बटण आणि चाळणीसारखी बारीक भोकं. आतल्या बाजूला तळहाताएवढा पडदा. बाहेर कुणी उभं राहिलं की पडद्यावर दिसायचं, फोनवर टिंग वाजायचं, आणि फोनवाला कुठंही असला तरी त्याचं बोलणं दारातून ऐकू यायचं. सुनीलनं आईला तीन तीनदा पढवलं. आधी बघायचं. मग विचारायचं, कोण आहे, काय काम आहे. ओळख पटल्याशिवाय कडी काढायची नाही.

बायडाबाईंनी ते पाठ केलं, आणि तिथंच घात झाला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची थोरली लेक आली. वैजयंती तिचं नाव, घरात वैजू. निरगुडसरला दिलेली. उन्हातून आलेली, डोक्यातोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात मेथीच्या जुड्या. ती नेहमीसारखी जिन्यातूनच हाक देणार होती, पण वर बघते तर दार बंद. बिचकली आणि तिनं बेल दाबली. आत पडद्यावर बायडाबाईंना दिसलं ते मधोमध फुगलेलं, कडेनं निमुळतं, ओढणी बांधलेल्या भोपळ्यासारखं काहीतरी. त्यांनी पडद्याखालचं बटण दाबलं आणि पढवल्याबरहुकूम खणखणीत विचारलं,

"कोन हाय? काय काम हाय?"

मग भोपळ्यानं ओढणी सोडली.

वैजूनं ते हसण्यावारी नेलं. चहा घेतला, मेथी निवडून दिली, गेणभाऊंचा सदरा शिवून दिला. निघताना चपला घालता घालता मात्र म्हणाली,

"आये, माहेराच्या दारात लेकीला कोन म्हनून इचारनारी तूच पयली गं."

हसतच म्हणाली. पण बायडाबाईंच्या मनात ते कुसळासारखं अडकलं. कुसळ दिसत नाही, सापडत नाही, पण लुगड्याची निरी जरा हलली की टोचतं.

पुढच्याच महिन्यात वैजूला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झाल्यावर कूस उजवली होती, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही घरच्यांना बसवून बजावलं, की पोरीनं खाट सोडायची नाही, गाडीचा दचका तर अजिबात नको. निरगुडसर कळंबपासून काही परमुलूख नाही. पण खाटेवरच्या बाईला स्वतःचं अंगणसुद्धा दूरदेशी. बायडाबाई आठवड्याच्या आठवड्याला तिच्याकडं जायच्या, डोक्याला तेल घालायच्या, पायाला हात लावून बघायच्या. त्या दाराचा विषय मात्र दोघींपैकी कुणीच काढत नव्हतं.

आणि अशात सुनीलचं लग्न ठरलं. मुलगी पेठची, आरती. बालवाडीच्या बाई. बायडाबाई म्हणत होत्या की वैजू मोकळी होईस्तोवर थांबू. पण वैजूनंच हट्ट धरला, की माझ्यापायी मुहूर्त पुढं ढकलला तर मी उठून चालत येईन. त्या धमकीला सगळेच भ्याले, आणि लग्न चैत्रात धरलं.

आता लग्नात बहिणीचे मान पुष्कळ असतात, पण सगळ्यांत मोठा मान दाराचा. नवरा-नवरी घरी आली की बहीण दार अडवते. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहते. भाऊ म्हणतो दार सोड, ती म्हणते आधी कबूल कर. काय कबूल करायचं ते ती सांगणार, नाव घ्यायला लावणार, आणि ती सोडेपर्यंत प्रत्यक्ष सासूलाही सून आत घेता येत नाही. सुनील पाळण्यात होता तेव्हा सहा वर्षांची वैजू पाळण्याच्या दोऱ्या धरून त्याला सांगायची, की तुझी बायको आली की मी दारच सोडणार न्हाई. पोर मोठी झाली, पण हे बोलणं तिनं कधी सोडलं नाही. आणि आता वेळ आली, तर तिचे दोन्ही हात खाटेला बांधलेले.

बायडाबाईंची थोरली जाऊ सखूबाई. रीतभात तिच्या पदराला. तिनं लग्नाच्या पंधरा दिवस आधीच सांगून टाकलं, की सख्खी नसली तर चुलत, माझी इंद्रायणी दार अडवील. यात वावगं काहीच नव्हतं. इंद्रायणी गुणाची पोर होती, रीतही तीच होती. बायडाबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन दोन घास कमी जेवल्या. एकदा लेकीला दारात परकी केली, आता दारच दुसरीला देऊन बसले, असं त्यांच्या मनानं घेतलं.

तोडगा निघाला तो एका कुरियरवाल्यामुळं.

दुपारची वेळ. बायडाबाई सुमतीबाईंच्या घरात बसून हळकुंडं फोडत होत्या. समोर त्यांच्या स्वतःच्या बंद दाराशी पार्सलवाला पोरगा उभा राहिला, बेल दाबली, आणि दार सुनीलच्या आवाजात म्हणालं, "पार्सल शेजारी दे रे, आई तिथंच आसंल." सुनील दुकानात होता. दुकानातल्या गिऱ्हाइकाचं बोलणंसुद्धा दारातून ऐकू येत होतं. पोरगा पार्सल देऊन गेला, पण बायडाबाईंच्या हातातला बत्ता तसाच राहिला.

त्यांनी सुमतीबाईंच्या सुनेला, नीलमला, विचारलं, की दुकानातून बोललेलं दारात ऐकू येतं, तर निरगुडसरहून बोललेलं येईल का. नीलम म्हणाली, दुबईहूनही येईल. बायडाबाई म्हणाल्या, दुबईचं मला काही नको.

मग दोघींनी गुपचूप बेत केला. नीलमनं बायडाबाईंच्या फोनमधून वैजूच्या फोनला तो कॅमेरा जोडून दिला. वैजूला शपथ घातली, की सुनीलला कळू द्यायचं नाही. त्या रात्री वैजूनं फोन केला तेव्हा ती आधी हसली, मग काही वेळ नुसतीच नाक ओढत राहिली.

"आये, मी दारात उभी ऱ्हाईन?"

"तू दारात न्हाई गं," बायडाबाई म्हणाल्या, "तूच दार."

लग्नाचा दिवस उजाडला. बायडाबाई पहाटे उठल्या. दाराला आंब्याचं तोरण बांधलं. उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढली, चौकटीला दोन्ही अंगांनी कुंकू लावलं. मग त्यांची नजर त्या काळ्या डोळ्यावर गेली. आज संध्याकाळी इथं त्यांची लेक उभी राहायची होती, तीही पोटुशी, सवाष्ण. लेक दारात आणि तिचं कपाळ मोकळं? हे त्यांच्यानं बघवेना. हळदीच्या पाण्यात कुंकू चांगलं दाट कालवून त्यांनी अंगठ्यानं त्या डोळ्यावर बरोब्बर मधोमध ठसठशीत टिळा लावला, कानशिलावर बोटं मोडली आणि कार्यालयाच्या गाडीत जाऊन बसल्या.

लग्न पेठला लागलं. जेवणं झाली, पाठवणी झाली. सून यायच्या आधी घरी पोचायचं म्हणून बायडाबाई सखूबाईला आणि इंद्रायणीला घेऊन पुढच्या गाडीनं निघाल्या. दिवेलागणीला मागून वरात आली. खाली हलगी वाजायला लागली, जिना माणसांनी भरला. वरच्या पायरीवर सुनील आणि शालूत घामेजलेली आरती. मागं गेणभाऊ, पाहुणेरावळे, आणि आपल्या दारात उभ्या सुमतीबाई नि नीलम, दोघी उगाच हसणाऱ्या.

इंद्रायणी नवी साडी सावरत दारात जाऊन उभी राहिली. बायडाबाईंनी तिला जवळ घेतलं, तिच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं आणि बाजूला उभं केलं. सखूबाईला काही कळेना. तिनं विचारलं, मग दार कोण अडवणार.

"जिचं हाय ती," बायडाबाई म्हणाल्या. आत गेल्या, आणि नव्या सुनेच्या तोंडावर दार लावून घेतलं. कडीचा आवाज सगळ्या जिन्यानं ऐकला.

हलगी थांबली. कुजबुज एकेक पायरी खाली उतरत गेली, की सासूनं दार लावलं, काही मानपानाचं राहिलं असणार. आरतीच्या मामांचा चेहरा उतरला. गेणभाऊंना या बेताची गंधवार्ता नव्हती. ते म्हणाले, "अगं, मला तरी आत घे. मला कुठं सून व्हायचंय."

आणि तेवढ्यात दार बोललं.

"कोन हाय? काय काम हाय?"

सुनील चमकला. दाराकडं बघत राहिला, मग त्याच्या तोंडावर हसू असं पसरलं की मुंडावळ्या हलल्या. "अक्के?" तो म्हणाला.

"अक्का बिक्का कोन न्हाई. वळख पटल्याबिगर दार उघडायचं न्हाई, आसं ह्या घरच्या मालकानं सांगितलंय."

जिना हसला. हलगीवाल्यानं आपणहून एक ठोका दिला. आत दाराला पाठ टेकून उभ्या असलेल्या बायडाबाईंना मात्र ते स्वतःचेच शब्द ऐकून एकदम हसू आणि रडू यायला लागलं, आणि आधी कोणाला वाट द्यावी ते त्यांना ठरवता येईना.

पण पुढं दार गप्प झालं. मग हळूच, घाबरल्यासारखं म्हणालं,

"आये, मला कायच दिसंना. समदं लालच लाल. तिकडं काय पेटलंय का?"

बायडाबाईंनी आतल्या पडद्याकडं बघितलं. तिथंही लालच लाल. पहाटेचा टिळा दिवसभराच्या झळेनं वाळून डोळ्यावर पापडासारखा बसला होता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पुसायला जावं तर दार उघडावं लागणार, आणि बहिणीनं सोडायच्या आधी दार उघडलं की मान मोडला. न उघडावं तर लेक आंधळी. सात वर्षं वाट बघून दिवस राहिलेली लेक खाटेवर पडून हा एक सोहळा बघणार होती, आणि आईनंच मायेनं तिच्या डोळ्यांत कुंकू घातलं होतं. त्यांनी दाराला तोंड लावून खरं काय ते सांगून टाकलं, की माझंच चुकलं, तुझं कपाळ म्हणून मी लावलं.

बाहेर सुनील खिशात रुमाल शोधायला लागला.

"सुन्या, तू हात लावू नको," दार म्हणालं. आवाज आता खाली आला होता, पण स्थिर होता. "वहिनी, हाय का तिथं? माझ्या डोळ्यात कुकू गेलंय. जरा पुसतेस?"

आरती पुढं झाली. तिनं शालूच्या पदराचं टोक ओठांशी नेऊन ओलं केलं, बालवाडीतल्या पोराचं तोंड पुसावं तसं एका हातानं दाराला आधार दिला, आणि त्या रुपयाएवढ्या डोळ्यावरचं कुंकू हलक्या हातानं पुसून काढलं. शालूला डाग पडेल म्हणून मागून कुणीतरी हळहळलं. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

निरगुडसरला उशीला टेकवलेल्या फोनवर लाल आभाळ फाटलं आणि त्यातून एक चेहरा वर आला. मधोमध फुगलेला, कडेनं निमुळता, मुंडावळ्या बांधलेला भोपळा. वैजू खळखळून हसली. ते हसू दारातून बाहेर आलं, आणि आत उभ्या बायडाबाईंच्या मनातलं कुसळ कुठल्या कुठं गेलं.

"दिसली गं. लई गोड हाय आमची वहिनी. आता नाव घे, बिगर नावाचं दार हालत न्हाई."

आरतीनं जरा विचार केला. पाठ करून आणलेला उखाणा तिनं सोडून दिला असावा, कारण जे आलं ते असं आलं:

दाराला फुटला डोळा, डोळ्याला फुटला कान,
सुनीलरावांचं नाव घेते, राखते वन्संचा मान.

जिना कौतुकानं गजबजला. मग वैजूनं भावाला पकडलं. रीतीप्रमाणं मागणं केलं, की तुझी पहिली लेक माझ्या लेकाला दे. सुनील म्हणाला, तुला लेकच झाली तर काय करशील. वैजू म्हणाली, मग तिलाच शिकवीन दार अडवायला, तू तुझं बघ. सगळे हसून घेईपर्यंत ती थांबली आणि म्हणाली,

"ते आसू दे. खरं मागनं येगळं हाय. चार-पाच म्हयन्यानी मी येईन, हातात बाळ आसंल. मला बेल वाजवायला लावायची न्हाई. आनि ह्या दारानं मला कोन म्हनून इचारायचं न्हाई."

कुणी हसलं नाही. सुनील बोलणार होता, पण आरतीच आधी बोलली.

"वन्सं, तुमी यायच्या दिवशी ह्या दाराला सकाळपासनं कडी लागनार न्हाई. हा माझा शब्द."

दारानं एकदा नाक ओढलं.

"सोडलं," ते म्हणालं.

बायडाबाईंनी कडी काढली. आत उंबऱ्याशी माप भरून ठेवलेलं होतं, गेणभाऊंनी डोंगरातून आणलेल्या तांदळाचं, आणि त्याचा वास आधी बाहेर आला. इंद्रायणीनं ओवाळलं. तिला करवलीची साडी ठरल्याप्रमाणं मिळालीच, आणि दोन हात पसरून तासभर उभं राहायचं टळलं म्हणून ती मनातून खूशच होती. सखूबाई मात्र दारासमोर उभी राहून त्या डोळ्याकडं निरखून बघत राहिली, आणि शेवटी तिनंही त्याला नमस्कार केला. कुंकू लावू नका म्हणून बायडाबाईंनी तिचा हात धरला.

वैजूला श्रावणात मुलगी झाली. मंचरच्या दवाखान्यातून ज्या दिवशी तिला सोडायचं होतं, त्या दिवशी आरती तिला आणायला गेली आणि बायडाबाई घरी शेगडी-पाण्याला राहिल्या. दहाच्या सुमाराला दुकानातून सुनीलचा फोन आला. तो काळजीत होता. कॅमेरा बिघडला म्हणाला, सकाळपासून फोनवर नुसतं भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय.

"बिगाडला न्हाई," बायडाबाई म्हणाल्या. "दार उघडं हाय. पार भिंतीला टेकलंय."

थोड्या वेळानं दुकान नोकरावर सोडून तोच वर आला.

जिन्यात पावलं वाजली. बायडाबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. समोर सुमतीबाई आधीच उभ्या होत्या. खालच्या वळणावर वैजू थांबली, दम घेतला, दुपट्यातलं गाठोडं छातीशी धरलं आणि तिथूनच, डोंगरातल्या जांभळीपासून द्यायची तशी, हाक दिली,

"आये…"

"ये गं," बायडाबाई म्हणाल्या.

लेकीवरून आणि नातीवरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी उतरवलं. आत येता येता वैजू भिंतीला टेकलेल्या दाराशी थांबली. तिनं दार जरासं पुढं ओढलं, त्या डोळ्यात वाकून बघितलं आणि लेकीलाही दाखवलं. भिंगाच्या कडेभोवतीच्या खाचेत लग्नाच्या पहाटेच्या त्या टिळ्याची बारीक लाल रेघ अजून होती. आरती दर शनिवारी दार पुसायची, पण तेवढी रेघ सोडून. म्हणून त्या घरच्या पडद्यावर दूधवाला दिसो, कुरियरवाला दिसो, नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस, जो येईल तो कुंकवाच्या गोलातच उभा दिसतो.